दांडीवरचे पंजे

फाटकावर हात ठेवून कोणी जरा जास्त वेळ उभं राहिलं, की मला अजूनही राहवत नाही. मी ओरडतेच. "आत या नाहीतर बाहेर जा, पण असे थिजून उभे राहू नका!" घरचे हसतात. हसू देत. त्यांनी आमच्या प्राणीघरातली दांडी कुठे पाहिली आहे?

मी नागपुरात औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवते आणि कंपवातावर संशोधन करते. हात थरथरतात, अंग ताठरतं, पाय उचलत नाही, तो आजार. माणसाच्या मेंदूत हात घालता येत नाही, म्हणून आम्ही तो आजार पांढऱ्या उंदरांत आणतो. 'आणतो' हा शब्द किती सहज लिहिला मी, बघा. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत मेंदूतल्या पेशीच मारायच्या. तो उंदीर पुन्हा कधी धड चालत नाही. दुसरीत नुसतं इंजेक्शन, हालचालीचा निरोप जातो ते मेंदूतलं दार काही तास बंद करणारं. उंदीर लाकडासारखा ताठ होतो, पण औषध उतरलं की संध्याकाळी दाणे खात बसतो. तपासताना त्याचे पुढचे पंजे उचलून आडव्या दांडीवर ठेवायचे. धडधाकट उंदीर लगेच पंजे काढून पळतो. ताठरलेला तसाच उभा राहतो. त्याला उतरायचं असतं आणि उतरता येत नाही. लाल डोळे माझ्याकडे लागलेले असतात, आणि मी स्टॉपवॉच घेऊन समोर बसलेली असते.

त्या उन्हाळ्यात बाबा उमरेडजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आले. हा माणूस जन्मभर बैलांमागे चाललेला. भावाने ट्रॅक्टर घेतला तरी यांनी बैलजोडी विकू दिली नाही. "बाबाची तब्येत जराशी ढिली हाय," असं भाऊ फोनवर म्हणाला होता. जराशी! एसटीतून उतरून ते माझ्याकडे आले ते पाय घासत, चेहरा कोरा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. भेटल्यावर दर वेळी मला चिडवायचे, "आमी बैलं राखली, अन् पोरगी उंदरं राखून राहिली." या खेपेला चिडवलं नाही. मला खरा धसका त्याचाच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला म्हणून निघाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला फाटक दिसतं. फाटकाच्या आडव्या गजावर दोन्ही हात ठेवून बाबा उभे होते. पोहे परतून झाले तरी उभेच. मी धावत गेले.

"बाबा, काय पाहून राहिले?"

मान वळली नाही, नुसते डोळे वळले. "मले जायचं हाय वं. पाय निघून नाही राहिले."

तेव्हा लक्षात आलं, माझी मूठ बंद होती आणि अंगठा रिकाम्या हवेत बटण दाबत होता. अरे देवा! बाप समोर उभा, आणि माझा अंगठा वेळ मोजत होता.

त्यांना धरून आत आणलं. डोक्यात एकच प्रश्न घणघणत होता: हे कोणत्या रीतीतले? पेशी मेलेले, की औषधाने ताठरलेले? बाबांना वेगळीच काळजी. "पोळ्यापर्यंत हात चालतीन ना माहे? खांदे शेकायचे हायेत."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, जू वाहिलेल्या त्या खांद्यांना शेक देतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरी ते काम बाबांचं. त्यांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं.

"गोळ्या कोणत्या घेऊन राहिले?" मी विचारलं.

"बीपीची. अन् गॅसची."

"गॅसची कधीपासून?"

"डाक्टरनं आठवडाभर घ्या म्हटलं होतं. आराम पडला, तं मेडिकलमधून आणतच राहिलो. संक्रांतीपासून असन."

पाकिटावरचं नाव मी दोनदा वाचलं. आमच्या इंजेक्शनचंच भावंड होती ती गोळी. मेंदूत तेच दार बंद करणारी.

मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली. "तुमचा अंदाज बरोबर असेल," ते म्हणाले, "पण आत खरा आजारही लपलेला असू शकतो. वाट पाहा."

वाट पाहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. घरी बाबांच्या हातातला चहाचा कप पाहायचा, कॉलेजात उंदरांचे पंजे. "उतर ना रे बाबा, उतर," मी दांडीवरच्या उंदराला म्हणायची. सोबतची विद्यार्थिनी दचकून बघायची. कोणी उतरला की मला रडू यायचं. आणि प्रयोग संपला तेव्हा नियमाप्रमाणे सगळ्यांना मारून मेंदू काढले. न उतरलेल्यांना, आणि उतरलेल्यांनाही. माझ्याच हातांनी.

पावसाळा लागला तशी एक दिवस ताटावरून गर्जना आली. "हे का भाजी हाय? तिखट महाग झालं का नागपुरात?" मी पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. बाबांच्या कपाळावर आठी होती. चेहऱ्यावर राग उमटत होता! मी तिथेच खाली बसून रडले. पोळी जळाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गावी होतो. बाबांचे दोन्ही हात बैलाच्या खांद्यावर गोल गोल फिरत होते, अजिबात न अडखळता. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते बैलांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुह्या उंदरायले देलं का आवतन?"

"त्यांना कसलं आवतन, बाबा?"

"काहून? त्यायले पाहूनच समजलं ना तुले माह्या पायाचं? मंग?"

त्यांनी तुपाने माखलेले हात जोडले, नागपूरच्या दिशेला तोंड केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या गा, उद्या जेवाले या." मग मला बजावलं, "परवा जाशीन तं पुरनाची पोळी ने. बारीक तुकडे कर. समद्यायले भेटली पाह्यजे."

मी हो म्हटलं. पिंजरे मी स्वतःच धुऊन, वाळायला पालथे घालून आले होते.