येळवसेचं बिंदगं

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, गंगाखेडकडच्या आमच्या गावात कुत्रंसुद्धा घरी सापडत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची खोपटीसारखी कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि आंबील-भज्जी पोटाला तडस लागेपर्यंत खायची. आंबिलीचं मातीचं बिंदगं घरातून डोक्यावर न्यायचं. तो मान असतो.

आमच्या पुढच्या खोलीत एक सिस्टर भाड्यानं राहते. फिलिपिन्सची. धर्मप्रचाराला आलेली म्हणून गावानं आधी नाकं मुरडली; मग लेकरं तापली की त्याच बाया औषधाला तिच्या दारात उभ्या. मराठी शिकली तीही आमच्याच चुलीपुढं.

गेल्या वर्षी येळवसेच्या आठवडाभर आधी माझे मालक वारले. सणाच्या सकाळी शेजारीण बिंदगं घेऊन निघाली, तिला हात द्यायला मी सवयीनं पुढं झाले आणि तशीच थांबले. सिस्टरनं विचारलं, का? मी म्हटलं, "मयताच्या माणसानं शिवायचं न्हाई. सणाचा मोड व्हतो." तिनं मान हलवली. त्या वर्षी आमच्या रानात कोप झाली नाही.

यंदा सासूबाईंनी हट्टानं कोप घातली. "लेक गेला, रान तर जितं हाय," म्हणाल्या. हा सण नीट पार पडावा एवढंच त्यांचं मागणं होतं. सिस्टर तर आठवडाभर मागं लागली होती, यंदा बिंदगं मीच नेणार.

आणि सकाळी सासूबाईंनी तिच्या डोक्यावर बिंदग्याखालची चुंबळ ठेवायला घेतली, तर ती झटकन मागं सरली. "नको, मावशी."

रानातही तेच. पूजेच्या वेळी लांब बांधावर जाऊन बसली. ताट घेतलं नाही, पळसाच्या पानावर वाढून घेतलं आणि चिवडत राहिली. डोळे लाल झालेले. धुरानं झाले असतील, म्हटलं. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर आमची भाकरी गोड लागली, आणि देवापुढं यायची वेळ आली तर हिला हिचा धर्म आठवला!

सासूबाईंनी चारचौघांत तिला विचारलं, "आमच्या देवाचा इटाळ व्हतो व्हय गं तुला? तुज्या मायनं हेच शिकिवलं का?"

ती खाली बघत राहिली. नंतर आंबील सगळ्यांनी प्यायली, पण चव गेली होती.

दिवस मावळायला घरी आलो, तर दारात परभणीची जीप उभी. दोन सिस्टर उतरल्या. एकीनं आमच्या सिस्टरला मिठीत घेतलं आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. दुसरीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिची आई पहाटे गेली. आम्ही सकाळीच न्यायला येत होतो. ही म्हणाली, या घराचा वर्षानं सण आहे, दिवस बुडेपर्यंत येऊ नका. न्यायला आलात तर सगळे घरीच थांबतील."

सासूबाई आत गेल्या. चूल पेटवली नाही. शेजारून भाकरी आणली, दारातल्या लिंबाचा पाला तोडला. मयताच्या माणसाला पहिला घास कडू भरवतात, शेजारच्या चुलीवरचा. गेल्या वर्षी त्यांनीच मला भरवला होता.

भाकरीत पाला घालून त्यांनी घास तिच्या तोंडापुढं धरला. ती दचकून दोन पावलं मागं सरली.

"मावशी," ती म्हणाली, "मी शिवले नाही हो. बिंदग्याला बोटसुद्धा लावलं नाही."

सासूबाईंनी हातातली भाकरी माझ्याकडं दिली. घास शेवटी मी भरवला.