दामलेबाईंची दहा मोजायची पाटी

फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "आत्या सकाळी गेली हो," दामलेबाईंचा भाचा म्हणाला. मी गॅस बंद केला आणि मनात पहिला विचार आला तो बाईंचा नव्हे, रेवाचा. तिला सांगायचं कसं? दीड महिना झाला, तरी त्या विचाराची थोडी लाज वाटते.

रेवा माझी लेक, एकोणीस वर्षांची. ती ऑटिस्टिक आहे. सांगितलेला शब्द जसाच्या तसा घेते. आणि अकोल्याहून येऊन आम्ही राहिलो कुठे, तर सदाशिव पेठेत! समोरच्या दारावर पाटी होती, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' आत निवृत्त शिक्षिका दामलेबाई एकट्याच राहत. रेवा तेव्हा बारा वर्षांची. अकोल्याची शाळा सुटली होती, ती कुणाकडे जात नसे. एके दिवशी दार उघडं दिसलं म्हणून ती बाईंच्या पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन तासभर बसली. बाई म्हणाल्या, "वा! आलीच आहेस तर आता मुक्कामच कर." रेवा घरी आली आणि उशी, चादर, टूथब्रश घेऊन परत गेली.

मी धावत माफी मागायला गेले. बाई त्या चादरीकडे बघत उभ्या होत्या. "अहो, माफी कसली? जन्मभर तिरकं बोलले, आज पहिल्यांदा कुणी माझं ऐकलंय. राहू दे तिला."

आठवड्याभरात पाटी बदलली. बाईंचे गुडघे दुखत, दारापर्यंत यायला वेळ लागे, आणि दार लगेच उघडलं नाही की रेवा घाबरायची. म्हणून, 'बेल एकदा वाजवावी. दहा मोजावेत. दार उघडेल.' मग रोज पाच वाजता रेवा एकटी वाचायला जाऊ लागली. पुढे बाई तिला दुकानासाठीही चिठ्ठी देत. 'रांगेत उभे राहावे. अर्धा लिटर दूध म्हणावे. दूध नसेल तर परत यावे. रडू आले तर घरी येऊन रडावे.' दुकानदाराच्या वाट्याला मात्र जुन्याच बाई यायच्या. "ती बोलेपर्यंत थांबा जरा. तुम्ही एक ते चार दुकान बंद ठेवता, तेव्हा आम्ही थांबतोच की!"

टोमणे मलाही मिळत. कुणी रेवाला काही विचारलं की उत्तर मी द्यायचे. "अहो, तुम्ही तिला किती वर्षं पुरणार आहात?" बाई एकदा म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही... खरं होतं म्हणूनच राग आला होता.

फोन आला त्या दिवशी मी रेवाला सरळ सांगितलं, "बाई मेल्या. आता त्या दार उघडणार नाहीत." शब्द फार कठोर वाटला, पण बाईंनी हाच वापरला असता. रेवाने मान डोलावली. आणि पाच वाजता चप्पल घालून निघाली.

मी आमच्या दारात उभी राहिले. तिने बेल एकदा वाजवली. दहा मोजले. दार उघडलं नाही. पुढे होऊन काहीतरी बोलावं असं फार वाटलं, पण तोंड मिटून उभी राहिले. ती वळली, माझ्या शेजारून घरात आली, चप्पल जागेवर ठेवली, आणि मग रडली.

घर अजून बंद आहे, पाटी तशीच आहे. काल भाजी घेऊन येताना मी त्या पाटीपुढे थांबले. बेल वाजवली नाही, नुसते दहा मोजले... आणि रडायला घरी आले.