खिंडवाडीचं निशाण

बाळासो निशाणदारांना कुणी ‘कसं काय?’ विचारलं की ते आधी सुस्कारा टाकतात आणि मग म्हणतात, “हाय की, चाललंय.” सुस्काऱ्याची सवय त्यांना तरुणपणापासून आहे म्हणे. या वर्षी मात्र तो सवयीचा वाटत नाही, खराच दमल्याचा वाटतो.

आमचं खिंडवाडी कोल्हापूरपासून गाडीनं तासाभरावर. खिंडीच्या तोंडावर जुन्या सरकारांच्या, म्हणजे इथल्या जहागीरदारांच्या, किल्ल्याचा एक बुरूज तेवढा उभा आहे. बाकीचे दगड गावातल्या गोठ्यांना लागले. आमच्याही गोठ्याला लागलेत, खोटं कशाला बोला. पूर्वी खिंडीतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून सरकार जकात घेत, असं आम्ही शाळेत मुलांना सांगतो. खरं म्हणजे लुटत होते. निशाणदार बुरजावर उभा राहून खिंड बघायचा, निशाण वर करायचा आणि मगच खालचे लोक दरवाजा उघडायचे. बाळासोंचं आडनाव तिथलं.

आताच्या सरकारांचे आजोबा एकदा फ्रान्सला गेले. पॅरिसजवळ मोंलेरी नावाच्या गावी त्यांनी मोटारींची शर्यत पाहिली. तिथंही टेकडीवर जुन्या सरदारांचा एकच बुरूज उरलेला. हे सरदार मोठ्या रस्त्यावर दबा धरून असायचे, राजालाही भीक घालायचे नाहीत. शेवटी राजानं त्यांची गढी पाडली आणि बुरूज तेवढा ठेवला. आता त्याच बुरजाच्या पायथ्याशी मोटारी पळवायला खास गोल रस्ता बांधलेला. आजोबांना वाटलं, अरे, हे तर आपलेच भाऊबंद! गावी परतल्यावर म्हणाले, “बुरूज आपल्याकडं हाय, लूट बंद झालीया, आता मोटारी तेवढ्या आणायच्या.” आणि त्यांनी आणल्या. तेव्हापासून दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे खिंडीची शर्यत होते. परदेशी मोटारी केव्हाच गेल्या. आता शिरोळकडची ऊसवाल्यांची पोरं जुन्या जिप्सी घेऊन येतात, पेठ वडगावचे गॅरेजवाले मारुत्या घेऊन येतात. मी कोल्हापुरात मराठी शिकवतो, म्हणून माईक माझ्या गळ्यात.

शर्यतीची रीत अशी की गाड्या एकेक करून सुटतात. वर एक आंधळं वळण आहे, त्याच्या कडेला दरी. पहिली गाडी वळणातून पार झाली की नाही, मध्येच कुणाची म्हैस आली की काय, हे खालून दिसत नाही. दिसतं फक्त बुरजावरून. बाळासो निशाण वर करतात, मग पुढची गाडी सुटते. निशाणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा मान आहे, आणि मान एकदा घरात आला की दारातल्या वडासारखा, तोडायची सोय नाही. बाळासोंनंतर तो मुलाकडे, सम्राटकडे, जायचा. सम्राट बंगळुरात आहे, दसऱ्याला व्हिडिओ कॉल करतो आणि सोनं फोनवरच देतो.

बाळासोंना काचबिंदू आहे. समोरच्या माणसाचं डोकं तेवढं धूसर दिसतं, खांदे दिसत नाहीत, असं ते सांगतात. यात लपवाछपवी काही नव्हती. त्यांनी सरकारांना तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा सरकार हसले होते. “तुमच्या डोळ्यांचं काय घेऊन बसलाय बाळासो? आक्कांचे हायत की!”

आक्का म्हणजे बाळासोंची बायको. बोलायला फटकळ, पण नजर घारीची. दर शर्यतीला दोघं बुरूज चढायची. आक्का पदर खोचून तटाशी उभ्या राहायच्या आणि आधी म्हणायच्या, “थांबा.” मग पुन्हा एकदा वळण नीट बघायच्या. मग, “हं, उचला.” बाळासो उचलायचे. गावातली टवाळ पोरं म्हणायची, निशाण बाळासोंचं, पण राज्य आक्कांचं. आक्का बुरजावरून ओरडायच्या, “मग तुमच्या बाचं असतंय व्हय?” गावाला ते सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलंच नाही.

श्रावणात आक्का गेल्या. तापाचं निमित्त झालं.

दसऱ्याच्या आधी बाळासो सरकारांकडे आले, तेव्हा मी माईकचं ठरवायला तिथंच बसलो होतो. सरकारही आता थकलेत. पाय सुजतात, घरात काठी घेऊन फिरतात.

“सरकार, औंदा मला न्हाई जमायचं,” बाळासो म्हणाले. “वळणावर कोण मेलं तर माझ्या हातनं मेलं म्हणायचं.”

सरकार म्हणाले, “बाळासो, आम्हाला तरी कुठं हौस राहिलीया? पर शर्यत थांबवली तर तुमच्या घराचा मान आम्ही मोडल्यासारखं होतंय. आम्ही तुमच्यासाठी चालवतोय.”

“आणि मी आपल्यासाठी चढतोय की!” बाळासो म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील आणि मिटवतील. पण इतकं सरळ झालं तर ती खिंडवाडी कसली. तेवढ्यात सरकारांचा पुतण्या अभिराम आतून आला. त्याची कोल्हापुरात कॅमेरे बसवायची एजन्सी आहे. तो बाळासोंना म्हणाला, “काका, एवढंच ना? वळणावर कॅमेरा लावतो. मी खाली स्क्रीनवर बघून फोन करीन, तुम्ही उचला. मान बी राहील, काम बी होईल.” पोरगं मनानं चांगलं आहे, त्यात काही खोट नव्हती. सरकारांनी मान डोलावली. बाळासोंनी सुस्कारा टाकला.

शर्यतीच्या दिवशी बाळासो एकटेच बुरूज चढले. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. खाली पहिली जिप्सी गुरगुरत उभी. मी गाडीवाल्याचं नाव पुकारलं. अभिरामनं स्क्रीन बघितला, मलाही दाखवला. वळण मोकळं होतं. त्यानं फोन लावला. “काका, मोकळं हाय, उचला.”

निशाण वर गेलं नाही.

त्यानं पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. लोक माना वर करून बघत होते. निशाणाच्या काठीचं टोक तेवढं तटाच्या वर दिसत होतं, पण हलत नव्हतं. अभिराम वैतागला. “मी वर जातो, मीच उचलतो.”

“हात लावायचा न्हाई,” सरकार म्हणाले.

आम्ही वाट बघत राहिलो. ऊन चढलं. शेवटी वडगावच्या एका गॅरेजवाल्यानं हेल्मेट काढलं आणि इंजिन बंद केलं. मग त्याच्या शेजारच्यानं. मग जिप्सीवाल्यानंही. एवढ्या गर्दीत मला बुरजावरच्या पारव्यांचा आवाज ऐकू आला.

सरकार माझ्याकडे वळले. “गुरुजी, सांगा. शर्यत झाली.”

“आजची?”

“आजोबांनी लावलेली. झाली म्हणून सांगा.”

मी सांगितलं. दरवर्षी माझा आवाज खिंडीत घुमतो, त्या दिवशी तो हजेरी घेतल्यासारखा निघाला. लोक ओरडतील असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही.

सरकारांना चढवत नाही, म्हणून मी वर गेलो. बाळासो तटाला टेकून बसले होते, एका हातानं निशाणाची काठी उभी धरून. फोन शेजारी ठेवलेला.

“वळण मोकळं हुतं का ओ गुरुजी?”

“होतं.”

“असणारच. पोरगं खोटं कशाला बोलंल? उचला, उचला म्हणत हुतं. पर ती आधी थांबा म्हणायची. मोकळं असलं तरीबी. आज थांबा म्हणायला कोणच न्हाई. मग उचलू कसं?”

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, कारण बाळासोंना ते दिसणार नव्हते. सरकार काय म्हणाले ते सांगितलं.

“रागावलं न्हाईत?”

“नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “त्यांचं पाय लई सुजत्यात.”

ते उठले. काठीवरचं निशाण सोडवून त्यांनी घडी केली आणि खिशात ठेवलं. बुरजाचा जिना अंधारा आहे. मी पुढे झालो, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अर्ध्या वाटेवर एक पायरी फुटकी आहे. तिथं मी सहज म्हणून गेलो, “थांबा.”

ते थांबले. खांद्यावरची त्यांची बोटं एकदम घट्ट झाली. मी पायरी पुन्हा एकदा नीट बघितली आणि म्हणालो, “हं, या.”