रोज रात्री एकादशी

अगं, इकडे ये, जवळ बस. डब्याचा तळ दिसला की मगच तुला तांदूळ आठवतात, हे काही बरं नाही हं!

आम्ही मद्रासला मैलापुरात राहायचो तेव्हा तांदळाची टंचाई झाली. रेशनवर तांदूळ थोडे, गहूच जास्त. मुलांना शाळेत दहीभाताचा डबा लागायचा. तो महिनाअखेरपर्यंत चुकू द्यायचा नाही, असं मी ठरवलंच. तांदळाचा डबा वरच्या फळीवर चढवला, गव्हाचा हाताशी ठेवला. भात फक्त सकाळी, रात्री गहू.

सासरे तंजावरकडचे. माझ्या माहेरी एकादशीला गहू चालत नाही, आणि यांच्याकडे भात सोडून गव्हाचं खाल्लं की झाला उपास! पहिल्या रात्री पानात पोळी बघून ते म्हणाले, "सूनबाई, आज कुठली एकादशी?"

"मामंजी, आता रोज रात्री एकादशीच."

"आणि पुण्य कुणाला?"

"डबा नेणाऱ्या पोरांना."

दोन घास खाऊन ते उठले. मी बधले नाही. दुसऱ्या रात्री गहू भरडून, मिरं-खोबरं घालून उपमा केला, वर गरम सांबार. पान स्वच्छ झालं.

महिनाअखेरी शेजारच्या घरात तांदूळ संपले. आमची धाकटी मात्र दहीभात खाऊन रिकामा डबा घेऊन आली. सासऱ्यांनी तो उघडून पाहिला. रात्री स्वतःच पाटावर येऊन बसले.

"वाढ सूनबाई, एकादशी आहे ना आज?"

तुझ्या फळ्या अशाच लावून घे. आणि लवकर ये गं एकदा रात्रीची जेवायला, तो उपमा करून ठेवते.