चाचांची भिंत

कोणी घाई केली की चाचा उजवा तळवा जमिनीकडे करून हलकेच दाबायचे आणि म्हणायचे, "आधी सुकू दे." गरम चहा, भांडण, पगारवाढीची अफवा, सगळ्याला हेच उत्तर.

ते दापोलीकडचे गवंडी. आता कायमचे गावी परतलेत. वीस वर्षं त्यांनी दुबईत टॉवर बांधले. चाव्या मालकाकडे गेल्या की दारावरचा गार्ड त्यांनाच आत सोडत नसे. मग अबुधाबीकडच्या अल ऐन शहरातल्या राजघराण्याच्या जुन्या मातीच्या महालाची डागडुजी निघाली. मी तिथे बातमीसाठी गेलो आणि ओळख झाली. चाचा माती आणि पेंढ्याचा चिखल आठ दिवस कुजवत ठेवत. इंजिनियर रोज "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, करी. त्यालाही त्यांनी तळवा दाखवला. त्याने घाईत लिंपून घेतलेल्या नमुन्याला चार दिवसांत भेगा गेल्या. चाचांचा नमुना टिकला, आणि दिवाणखान्याची पडकी भिंत उभी करायचं काम त्यांच्याकडे आलं. बातमीत कंपनीचं नाव छापलं गेलं, त्यांचं नाही.

महाल लोकांसाठी खुला झाला त्या हिवाळ्यात चाची पहिल्यांदा व्हिजिट व्हिसावर आल्या. नवऱ्याने इथे नेमकं काय बांधलं, ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. चाचांनी मला गाडी काढायला लावली.

तुम्ही तो महाल पाहिला असेल, तर जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, ते तुम्हालाही कळलं नसेल. चाचींना कळेना. त्यात गाइड परदेशी पाहुण्यांना सांगत होता, की ही अख्खी भिंत मूळची आहे. मी ते चाचींना मराठीत सांगितलं.

"मग तुम्ही काय केलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शेजाऱ्याची म्हैस आपली म्हणून दाखवू नका."

चाचांचा चेहरा उतरला. मग ते तरातरा गाइडपर्यंत गेले आणि हिंदीत म्हणाले, "इधर से दरवाजे तक मेरा काम है."

गाइड केरळचा. त्याने हसून पुरावा मागितला. चाचांनी त्याला मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत तिरपा धरायला सांगितला. नवं लिंपण जुन्यापेक्षा नखभर आत ठेवायचं, असा त्या कामाचा नियम होता. उजेड पडताच कोपऱ्यापासून दारापर्यंत सावलीची बारीक रेघ उमटली.

गाइडने ती शेवटपर्यंत पाहिली. मग पाहुण्यांकडे वळून त्याने आपली चूक कबूल केली आणि ही बाजू या गृहस्थांनी उभी केली, असं इंग्रजीत सांगितलं.

मी मराठी करायला तोंड उघडलं, पण त्याआधीच टाळ्या सुरू झाल्या. चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, चाचांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या गोऱ्या बाईला भिंत दाखवत मराठीत म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी बांधली."