दोन पत्रांची आठ कार्डं

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला त्या वर्षी, दिवाळी उलटली तरी उज्जैनच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत दुसरीची पुस्तकं आली नव्हती. मी नवीनच लागले होते. शाजापूरला शिकलेली, घराण्यातली पहिली बी.ए. मला शिकवणाऱ्यांचे उपकार मी विसरले नव्हते, आणि मुलांना वाचायला शिकवायचंच, हे मनात पक्कं होतं.

चाळीस मुलांनी एका सुरात ओरडणं म्हणजे वाचन नव्हे, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पाच-पाच मुलं चटईवर घेऊन बसायचं, प्रत्येकाच्या हाती त्याला झेपेल तेवढा मजकूर द्यायचा आणि अडेल तिथे बोट ठेवायचं. पण मजकूरच नव्हता. मी मुलांना सांगितलं, "घरून एका बाजूने कोरे कागद आणा." त्यांची कार्डं कापली. कोपरे दुमडू नयेत म्हणून गोल केले. कोऱ्या बाजूला ठळक अक्षरांत एका शेळीची गोष्ट लिहिली. शेळी राम घाटावर जाते आणि पंड्यांची फुलं खाते.

"वा, ग्रॅज्युएटबाई!" हेडमास्तर म्हणाले. "सरकारला जमलं नाही ते तुमच्या शेळीने केलं."

आठवड्याभराने एक बाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आत्या. चाळिशीच्या, विधवा, भावाकडे राहणाऱ्या. हातात आमचं एक कार्ड होतं. भाचीने वाचायला घरी नेलेलं.

"हे तुम्ही कापलंत?"

"हो. तिनेच कागद आणले होते. रद्दीतले..."

"रद्दी? बाई, माझ्या डब्यातली चिठ्ठी आहे ही! ह्यांच्या हातची!"

मी कार्ड उलटून पाहिलं. मागे मोडीतल्या ओळी, मध्येच तुटलेल्या. कापताना त्या मला दिसल्या होत्या. वाचता येत नव्हत्या, म्हणून त्या कोणाच्या असतील हे मनातही आलं नव्हतं.

मी मुलांच्या हातातून कार्डं गोळा केली. दोन पत्रांची आठ कार्डं झाली होती. आत्या चटईवरच बसल्या आणि सांगू लागल्या. नवरा ग्वाल्हेरला नोकरीला, त्या इथे सासरी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तो विषमज्वराने तिकडेच गेला. पत्रं यायची ती सासऱ्यांच्या नावाने. तेच वाचून दाखवायचे: सर्व खुशाल, सूनबाईने सेवा करावी.

"मला त्यांनी कधी बोलावलं नाही," त्या म्हणाल्या. "तरी त्यातली दोन पत्रं मी मागून ठेवली. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

मोडी फक्त हेडमास्तरांना येत होती. त्यांनी टेबलावर कार्डं जुळवली. पहिलं पत्र सरळ होतं. दुसऱ्यात ते अडखळले, चष्मा पुसला, आणि आत्यांकडे न बघता वाचू लागले: "तीर्थरूप बाबांचे सेवेशी. आपण लिहिता की सूनबाई इकडे येण्यास राजी नाही. चार वेळा विनंती केली. दोन खोल्या घेतल्या आहेत. तिची मर्जीच नसल्यास पुन्हा लिहिणार नाही. तिला इतकेच सांगावे की..."

ते थांबले.

"की काय?" आत्या.

"पुढचे शब्द कोपऱ्यात होते."

कोपरे मी गोल केले होते. कातरण त्याच दिवशी केरात गेली होती.

मला वाटलं आत्या रडतील, मला बोलतील. त्या नुसत्या टेबलाकडे बघत होत्या.

"मला कोणी विचारलंच नाही," शेवटी त्या म्हणाल्या. मग हेडमास्तरांना, "तुम्ही बरोबर वाचलंत ना?"

"बिलकुल बरोबर, बाई."

"मामंजीही असंच म्हणायचे."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. मी कार्डं रुमालात बांधून आत्यांपुढे धरली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या पुन्हा आल्या. "मला वाचायला शिकवा. दोन्ही बाजूंचं."

पुढची बाजू मला येत होती, मागची नाही. मग रोज तासभर आम्ही तिघं बसू लागलो. मी त्यांना शेळीची गोष्ट शिकवायची, आणि हेडमास्तर आम्हा दोघींना मोडी. पदवीधर मी मोडीत त्यांच्याच इयत्तेत होते. "ग्रॅज्युएटबाई, आत्या पुढे गेल्या हं तुमच्या," ते म्हणायचे.

पुढच्या वर्षी पुस्तकं वेळेवर आली. त्यानंतर केव्हातरी एका दुपारी आत्यांनी दुसऱ्या पत्राची चार कार्डं ओळीने मांडली आणि बोट ठेवत, थांबत, ते वाचलं. चार वेळा विनंती, दोन खोल्या, इतकेच सांगावे की. गोल कोपऱ्याशी बोट थांबलं, तिथून पुढे सरकलं नाही. मी मान खाली घातली.

"हेडमास्तरांनी खरं वाचलं होतं," त्या म्हणाल्या, आणि कार्डं पुन्हा रुमालात बांधली.