विद्याश्रीला काढायचं कधी?

स्पृहा आरशासमोर बसली होती आणि तिच्या दोन भुवया एकमेकींना ओळख देत नव्हत्या. डावी हवी तशी, कमानदार. उजवी शेवटाकडे इतकी कोरली गेली होती की तिथं नुसती रेघ उरली होती. दुपारी स्पृहाला ऑफिसात मोठ्या साहेबांपुढे उभं राहून बोलायचं होतं, हे तिनं खुर्चीत बसतानाच सांगितलं होतं. आणि हा पराक्रम करणारी विद्याश्री दातांतला दोरा सोडत, अगदी मोकळेपणानं हसत म्हणत होती, "स्वल्प इकडंतिकडं झालं बघा मॅडम. वाढतंय की परत. कुणाला कळतंय?"

जयवंतीच्या मस्तकात तिडीक गेली. पण गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला बोलायचं नाही, हा तिच्या पार्लरचा नियम. तिनं हरिणीकडे पाहिलं. हरिणी पलीकडच्या खुर्चीवर एका बाईंचे केस कापत होती. त्या बाईंना "एक मिनिट हं" म्हणून ती आली, स्पृहाची डावी भुवई जराशी उतरवली, उजवीला पेन्सिलीनं शेवट काढून दिला आणि पुन्हा आपल्या जागी गेली.

स्पृहा मूळची पुण्याची, नोकरीपायी म्हैसूरला आलेली. मराठी बोलायला मिळतं म्हणून विजयनगरातल्या या पार्लरमध्ये यायची आणि येताना चार मैत्रिणी आणायची. उठताना ती हळूच म्हणाली, "जयवंतीताई, राग मानू नका, पण यापुढे हरिणी मोकळी असेल तेव्हाच मला बोलवत जा."

"आज हिला काढतेच," जयवंती मनाशी म्हणाली. हे वाक्य मनाशी म्हणण्यात तिचं अख्खं वर्ष गेलं होतं.

आता कुणीही म्हणेल, पार्लर तुझं, पगार तू देतेस, मग घोडं अडलं कुठं? बाहेरून बघणाऱ्याला सगळं सोपंच दिसतं. विद्याश्री ही जयवंतीच्या सख्ख्या मामांची, नागोजीरावांची धाकटी लेक. आणि नागोजीमामा नसते तर हे पार्लरच नसतं.

जयवंतीचं माहेर नि सासर दोन्ही मंडी मोहल्ल्यातलं. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या पदरी घोडदळात होते. घोडी गेली, पदर गेला, घरात एक तलवार आणि तिचा ताठा तेवढा उरला. लग्नानंतर जयवंतीनं ब्यूटीशियनचा कोर्स केला आणि दुकान काढते म्हणाली, तेव्हा सासऱ्यांनी, शिवाजीरावांनी, पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "आपल्या घरची सून लोकांचे केस कापणार?" घरात आठवडाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला नागोजीमामा आले. त्यांनी जयवंतीची कात्री मागून घेतली, स्वतः धुतली आणि पाटावर तलवारीशेजारी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिलं. "ज्यानं पोट भरतं ते आपलं हत्यार, शिवाजीराव," म्हणाले. शिवाजीराव काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे होकार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच मामांनी एक दिवस सांगितलं, "विद्याला जरा हाताशी घे गं. लग्न करून इथंच दिलीय, दिवसभर घरात बसून असते." नाही म्हणायला जयवंतीची जीभ उचललीच नसती.

विद्याश्री वाईट असती तर फार बरं झालं असतं. चोरी केली असती, उलटून बोलली असती, तर जयवंतीनं तिला कधीच दार दाखवलं असतं. पण ही उशिरा यायची ती सगळ्यांसाठी गरम मद्दूरवडे घेऊन यायची. कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाच्या मुलानं कुठं घर घेतलं, सगळं तिच्या ओठांवर. त्या नादात वॅक्स उकळून जायचं, एकीच्या चेहऱ्यावरचा लेप वाळून पापड व्हायचा, आणि ही आपली दुसरीला विचारतेय, "मग पुढं काय झालं हो?" जरा आवाज चढवला की डोळ्यांत टचकन पाणी. "चुकलं जयाक्का. परत नाही होणार." परत व्हायचंच. दुसऱ्याच दिवशी व्हायचं. आणि रडणाऱ्या मुलीची समजूत घालायला शेवटी रागावणारीनंच कॉफी मागवायची!

भुवईचं प्रकरण झालं तेव्हा आषाढ लागला होता. संध्याकाळी जयवंती नवऱ्याला म्हणाली, "उद्या सांगून टाकते तिला." विश्वजीत म्हणाला, "छान." मग तिलाच आठवलं, चामुंडी देवीचे आषाढातले शुक्रवार चालू, या महिन्यात घरच्या लेकीला रडवायचं? आषाढ जाऊ दे. श्रावणात वरमहालक्ष्मीचं व्रत आलं. पार्लरच्या कोपऱ्यात कलश मांडून विद्याश्रीनं देवीला अशी काही साडी नेसवली, असा काही चेहरा रंगवला, की गिऱ्हाइकं फोटो काढायला लागली. माणसाची भुवई हिला जमत नाही, देवीची कशी जमते, या विचारानं जयवंती आणखीच चिडली. पण लक्ष्मीला आत घ्यायचं आणि मुलीला बाहेर घालवायचं, हे काही तिला बरं दिसेना. मग गौरी. गौरीला तिच्या हातात बागिनाचं, सवाष्णीच्या वाणाचं सूप द्यायचं आणि त्याच हातानं घरचा रस्ता दाखवायचा? मग पितृपक्ष.

"पितृपक्षात नवं काही करू नये," जयवंती म्हणाली.

"नवं करू नये हे खरं. पण काढणं हे नवं कसं?" विश्वजीतनं विचारलं. "पंचांग बघून माणूस काढणारी तू पहिलीच. भीड भिकेची बहीण असते, ठाऊक आहे ना? तुझ्याच्यानं होत नसेल तर मी बोलू मामांशी?"

"तुम्ही गप्प बसा. माझे मामा आहेत."

पंचांग बिचारं विनाकारण बदनाम होत होतं. खरी गोष्ट एवढीच की मामांना फोन करायची जयवंतीला हिंमत होत नव्हती. मामा म्हणतील, तुझ्या कात्रीला मी मान मिळवून दिला आणि तू माझ्या पोरीला घालवलीस. हे वाक्य मामांनी कधी उच्चारलं नव्हतं. जयवंतीच ते त्यांच्या तोंडी घालायची आणि रात्री कूस बदलत ऐकायची.

या सगळ्यात हरिणीकडे बघायला मात्र तिला सवड नव्हती. हरिणी बन्नीमंटपची. घरी कन्नड, पण इथं राहून कामापुरतं मराठी शिकलेली. दोरा कसा धरायचा इथपासून सगळं जयवंतीनंच तिला शिकवलं, आणि आता तिचा हात जयवंतीच्याही पुढं गेला होता. फोन यायचे ते "हरिणी आहे का?" असेच. ती गेली तर पार्लरला कुलूप लावायची वेळ येईल, हे जयवंतीला पक्कं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. गौरीच्या आदल्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, हरिणी ब्रश धूत म्हणाली, "अक्का, एक विचारू? माझं काम मी करते. विद्याचं बिघडलं की तेबी मीच करते. गिऱ्हाईक चिडलं की ऐकून मीच घेते. असं किती दिवस?"

"नोडोण, हरिणी," जयवंती म्हणाली. "बघू की. सण होऊ दे एवढा."

"सरि अक्का. बरं," हरिणी म्हणाली आणि ब्रश पुसून जागेवर ठेवले.

किती समजूतदार पोरगी, जयवंतीला वाटलं. चुकली ती इथंच. जी रडते तिचे डोळे पुसण्यात आपला जीव जातो, आणि जी "सरि" म्हणून गप्प होते ती समजली असं आपण धरून चालतो. समजलेली नसते ती. तिचं ठरलेलं असतं.

नवरात्रात कडेलोट झाला. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका केस रंगवायला आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत दसऱ्याचा कार्यक्रम, बाईंना स्टेजवर बसायचं. रंग साधा, तपकिरी, दरवेळचाच. हरिणी आत फेशियलला होती म्हणून विद्याश्रीनं रंग कालवला. कालवताना फोनवर नणंदेशी म्हैसूरपाकाच्या पाकाबद्दल चर्चा चालू होती. केस धुतले आणि मुख्याध्यापिकांच्या डोक्यावर पिकल्या जांभळाचा रंग उगवला. बाई ओरडल्या नाहीत. आरशात बघत त्या नुसत्या म्हणाल्या, "मुलं काय म्हणतील?" ते ऐकून जयवंतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हरिणीनं फेशियल उरकलं, आपल्या घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि तो रंग उतरवायला बसली. विद्याश्री शेजारी उभी राहून डोळे पुसत होती आणि मधूनमधून हरिणीला सांगत होती, "जरा जपून हं, बाईंचे केस नाजूक आहेत."

हे ऐकलं आणि जयवंतीच्या मनातलं काहीतरी एकदाचं तुटलं. खंडेनवमीच्या सकाळी, आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, तिनं मामांना फोन लावला. पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली: मामा, विद्या गुणाची आहे, पण हे काम तिचं नाही, मला तिला थांबवावं लागतंय, मला माफ करा.

पलीकडे नागोजीमामा खोखो हसले.

"अगं बाई, मग इतके दिवस काय करत होतीस? आम्हाला वाटलं तुला तिची गरज आहे. ती घरी येऊन सांगते, जयाक्काचं माझ्याशिवाय पान हलत नाही, म्हणून जावं लागतं बाबा. तिला कुठली हौस? तिला मिठाईचं काहीतरी करायचंय. सोड की गं. खुशाल सोड."

जयवंतीनं फोन ठेवला. वर्षभराची उडालेली झोप, रोजचा संताप, तुटलेली गिऱ्हाइकं, सगळं कशासाठी? मामांसाठी. आणि मामांना पत्ताच नाही! तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो रागच, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. विश्वजीत समोर होता म्हणून तिनं तो त्याच्यावर काढला. तरीही पार्लरला निघताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं. पूजा होऊ दे, उद्या दसरा, परवा विद्याला सांगून टाकायचं. हरिणीचा पगार वाढवायचा. स्पृहाला स्वतः फोन करायचा.

पूजा झकास झाली. कात्र्या, ट्रिमर, ड्रायर धुऊनपुसून मांडले, शेवंती वाहिली, उंबऱ्यावर कोहळा फोडला. विद्याश्री शेजारच्या दुकानांत चुरमुरे नि पेढे वाटायला गेली. जयवंतीनं हरिणीला जवळ बोलावलं. चांगली बातमी आधी हिलाच द्यायची होती.

पण हरिणी वाकून तिच्या पाया पडली आणि तिच्या हातात एक छापील कार्ड दिलं. बन्नीमंटपमध्ये नवं पार्लर. उद्घाटन उद्या, विजयादशमीला.

"तुम्हीच रिबन कापायची, अक्का. शिकवलं तुम्ही."

जयवंतीला आधी अर्थच लागला नाही. मग ती घाईघाईनं बोलू लागली. "अगं, मी तिला काढतेय. आज सकाळीच मामांशी बोलले. देवाशपथ. तू म्हणालीस ना गौरीला? केलं मी. परवापासून ती नाही."

हरिणी खाली बघत राहिली. "गौरीला तुम्ही नोडोण म्हणालात. मी घरी जाऊन रडले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जागा बघायला गेले." मग हलक्या आवाजात म्हणाली, "तेव्हा केलं असतं अक्का, तर मी कुठं जाणार होते?"

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जयवंतीला भडाभडा बोलायचं होतं, थांब म्हणायचं होतं, पण ज्या मुलीनं नवं काम सुरू करायला दसरा धरला तिला कुठल्या तोंडानं थांब म्हणणार? तिनं हरिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "येते उद्या," एवढंच ती म्हणाली.

हरिणी गेली आणि फोन वाजायला लागला. दसऱ्यानंतरच्या एका लग्नाच्या नवरीची आई. मग एक फेशियल. मग मुख्याध्यापिका, केस छान झाले म्हणून आभार मानायला आणि पुढची वेळ हरिणीकडे ठेवायला. जयवंती सगळ्यांना हो म्हणत गेली. फोन ठेवला तेव्हा तिच्यासमोर खुर्च्या होत्या आणि हात दोनच होते, तिचे स्वतःचे.

तेवढ्यात रिकामं ताट घेऊन विद्याश्री परतली. तिला बाहेरच सगळं कळलं होतं, तिला सगळं बाहेरच कळायचं. डोळे पाण्यानं भरलेले, पण चेहऱ्यावर केवढा निश्चय! "जयाक्का, तू काळजी करू नको. बाबांचा फोन आला होता, घरी बस म्हणतात. मी म्हटलं, असल्या वेळी जयाक्काला सोडून? आगल्ला, नाही जमणार! आता हरिणीची सगळी गिऱ्हाइकं मीच बघते."

पाठ केलेली वाक्यं जयवंतीच्या जिभेवर होती. मामांची परवानगी होती, सण संपत आला होता, पंचांगात आता काही आडवं येत नव्हतं. तिनं तोंड उघडलं. समोर रिकाम्या खुर्च्या दिसल्या आणि नवरीची तारीख आठवली.

"परवा वेळेवर ये," ती म्हणाली.